फोटो कोणी काढला?

१

माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. उरलेल्या निम्म्यातलं निम्मं माझी बायको सोडते. असं करत करत जे शिल्लक राहतं त्यावर आमचा अठ्ठावीस वर्षांचा संसार उभा आहे, आणि तो चांगला भक्कम आहे, असं परवापरवापर्यंत मी छातीठोकपणे सांगितलं असतं. आज जे सांगतोय ते मात्र अख्खं ठेवून घ्या. सोडून देण्याइतकं माझ्याजवळ आता उरलेलं नाही.

धंदा माझा फ्रेमांचा. लोकांची लग्नं, लोकांचे आजे-पणजे, लोकांच्या मुलांची प्रमाणपत्रं काचेखाली घालायची, चार बाजूंनी पट्टी मारायची आणि भिंतीवर टांगण्याजोगं करून द्यायचं. दुकानाच्या अर्ध्या भागात बायको मशीन टाकून कपडे दुरुस्त करते. सैल असेल ते आटवते, आखूड असेल त्याची शिलाई सोडते. “तुम्ही लोकांना चौकटीत बसवता, मी कपड्यांत,” असं ती म्हणते.

शेजारच्या बेकरीवाल्याने पाव पोचवायची जुनी गाडी काढून टाकली, ती मी घेतली आणि वर्षभर खपून तिचं आतून घर केलं. पुढे दोन सीटा. मागे ओटा, दोन बर्नरची शेगडी, पाण्याचं पिंप आणि एक बाक. उलगडला की पलंग, मिटला की बसायला जागा. आतल्या भिंतींना दुकानातल्या उरलेल्या सोनेरी पट्ट्या मारल्या. बायको पहिल्यांदा आत शिरली तेव्हा चारी बाजूंना बघून म्हणाली, “अहो, आपण प्रवासाला निघालोय की टांगून घ्यायला?”

गाडीचं नाव आम्ही डबा ठेवलं. कितीही धुतली तरी दार उघडलं की भाजलेल्या पावाचा वास यायचा.

बेत साधा होता. समुद्र एका हाताला धरायचा आणि रस्ता संपेपर्यंत जायचं. रस्ता जिथे संपतो तिथे एक दीपगृह आहे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात आम्ही हाच बेत केला होता, तेव्हा बसने. बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्या सकाळी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला.

२

तेव्हा आमची एकच खोली होती. खिडकीशी सासऱ्यांची खाट, समोर मोरी, मधल्या जागेत आम्ही. साडेतीन वर्षं. बायकोने बापाला उचललं, वळवलं, पुसलं, भरवलं. तिचा उजवा खांदा तेव्हा जो जरा खाली आला तो तसाच राहिला. अजूनही बादली उचलली की तिचा डावा हात आपोआप कमरेवर जायचा.

पण त्या खोलीची एक गंमत होती. संध्याकाळी सासऱ्यांचं सगळं आवरलं की आम्ही दोघं लोखंडी ट्रंकेवर शेजारी शेजारी बसायचो, तोंड मोरीकडे करून. मी हवेत स्टिअरिंग धरायचो आणि विचारायचो, “आता कुठे आलो?”

ती म्हणायची, “खाडीवर. भरती लागलीय.”

“आणि पूल बुडालाय,” मी.

“पण आपली गाडी तरंगते,” ती.

नियम एकच होता. नाही म्हणायचं नाही. एकाने सांगितलं की दुसऱ्याने ते मानायचं आणि वर आपली एक गोष्ट जोडायची. मी एकदा देवमासा आणला, तिने त्याला सर्दी दिली. सासरे खाटेवरून अर्ध्या तोंडाने हसायचे. एरवी ते कशालाच हसत नसत. त्या ट्रंकेवरून आम्ही जितका समुद्र पाहिला तितका खऱ्या समुद्राने पुढे कधी दाखवला नाही.

सासरे गेले, खोली सुटली, दुकान झालं, खेळ मागे पडला. तो पुन्हा सुरू झाला या प्रवासाच्या पहिल्या दिवशी, पण जरा बदलून. आता आम्ही खरोखरच समुद्राशी आलो होतो, तेव्हा “कुठे आलो?” विचारण्यात काय मजा? म्हणून मी म्हणालो, “मागच्या वेळी आलो होतो तेव्हा…”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३

कड्यावर एक चहाची टपरी होती. दोन बाकडी, एक कठडा, आणि खाली सगळा समुद्र. टपरीवालीने चहा दिला आणि ती मागे भांडी घासायला गेली.

“मागच्या वेळी,” मी म्हणालो, “तुझी छत्री इथेच राहिली.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. तोंडावर तेच ट्रंकेवरचं हसू. “हिरवी,” ती म्हणाली. “मुठीला पोपटाचं डोकं.”

“आणि मी एका हाताने गाडी चालवत होतो. केस वाऱ्यावर.”

“तुमचे केस?” वयाच्या पंचविशीतच माझं कपाळ मागे सरकायला लागलं होतं.

“नाही म्हणायचं नाही.”

“बरं बाई. होते केस. दाट होते.” तिने चहाचा घोट घेतला. “आणि तुम्ही शीळ घालत होतात.”

मला शीळ येत नाही. पुढच्या दोन दातांत फट आहे. शीळ घालायला गेलो तर प्रेशर कुकरचं वाटतं. पण नियम म्हणजे नियम. मी म्हणालो, “हो, आणि शीळ ऐकून तू मला म्हणालीस, किती उंच आहात हो तुम्ही.”

ती हसून हसून वाकली. मग एकदम थांबून म्हणाली, “मग इथला आपला दोघांचा फोटो आहे, तो कोणी काढला?”

अठ्ठावीस वर्षं फ्रेमवाल्याशी संसार केल्यावर बाई असंच विचारणार. दुकानात नवराबायकोचा फोटो आला की मी नेहमी म्हणतो, या दोघांत तिसरा आहे, तो दिसत नाही एवढंच. हल्ली लोक हात लांब करून स्वतःच काढतात. तेव्हा तसं नव्हतं.

“कोणी काढला?” मी विचारलं.

“तुमचा तो दोस्त नव्हता का बरोबर. मागच्या बाकावर बसायचा. टोपीवाला.” ती आता रंगात आली होती. “बुटका. दातांत फट. अखंड थापा मारायचा आणि आपल्याच विनोदाला आपणच हसायचा.”

“शेपूट,” मी म्हणालो. “सगळी बिस्किटं त्यानेच खाल्ली.”

“लग्न झालं का हो त्याचं पुढे?”

“त्याला कोण मुलगी देणार?”

दोघंही इतके हसलो की टपरीवाली बाहेर आली.

उठून गाडीकडे निघालो तर मागून हाक आली. “अहो बाई, छत्री राहतेय.” टपरीवालीने बाकड्याखालून छत्री काढली. हिरवी. मुठीला पोपटाचं डोकं.

मी काही दूधखुळा नाही. बायकोची नजर बसता बसता बाकड्याखाली गेली असणार. छत्री दिसली म्हणूनच ती सुचली. कुणाची तरी राहिलेली छत्री, कुणाला तरी दिली. मी बायकोला तसं म्हणालोही.  गाडीत बसल्यावर तिने छत्री उघडली. एका काडीपाशी कापड फाटून शिवलेलं होतं. तिने त्या टिपेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं.

“अहो,” ती म्हणाली, “ही टीप माझी आहे.”

४

पुढचे चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते, हे आधी कबूल करतो. वळण आलं की ती म्हणायची, “या वळणावर आपण कलिंगड खाल्लं होतं.” मी म्हणायचो, “बिया तू समुद्रात थुंकलीस.” आणि पुढच्या उतारावर एक म्हातारा कलिंगडं घेऊन बसलेला असायचा आणि म्हणायचा, “या, या. यावेळी फार वर्षांनी.”

विकणारे सगळ्यांनाच तसं म्हणतात. मीही म्हणतो.

खाडी ओलांडायला तराफा होता. त्यावर गाड्या चढवतात. तराफेवाल्याने डब्याच्या आत डोकावून विचारलं, “दोघंच? तिसरे कुठे गेले?”

“शेपूट का?” बायको म्हणाली. “येतील मागून.”

तो हसला, तीही हसली. मी तिला विचारलं, “तू त्याला काय सांगितलंस?” ती म्हणाली, “काय सांगायचंय? त्यांनाच आठवतंय.”

त्या दुपारी तिने ओट्याखालच्या कपाटातून एक टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. “घाला, टाळू भाजेल.” टोपी कापडी, जुनी, आतल्या पट्टीला घामाचा डाग. मी आणलेली नव्हती. नीट बसली.

आणखी एक होतं. रोज सकाळी मी गाडी सुरू करायला बसलो की माझी सीट मागे सरकलेली असायची. माझे पाय आखूड. पेडलपर्यंत पोचायला मला सीट अगदी पुढे लागते. खाली एक खटका आहे, तो दाबून मी ती पुढे ओढायचो. दुसऱ्या सकाळी पुन्हा मागे. उतारावर गाडी उभी केली की सरकत असेल, असं मी ठरवलं. मग एका मुक्कामी मी मुद्दाम डब्याचं नाक खाली करून, उतरत्या तोंडाने गाडी लावली. सकाळी सीट मागेच होती. उंच माणसाच्या बेताची.

५

पाचव्या सकाळी बायकोने पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलून ओट्यावर ठेवला. मी पुढच्या सीटवर दाढी करत होतो. आरशात मला ते दिसलं, आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं, काय ते कळेना. मग कळलं. तिचा हात कमरेवर गेला नव्हता.

“खांदा कसा आहे?” मी विचारलं.

“कोणाचा?”

ती सरळ उभी होती. दोन्ही खांदे एका ओळीत. अठ्ठावीस वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती, म्हणजे फक्त एक महिनाभर पाहिली होती, अगदी सुरुवातीला. मला वाटलं, समुद्राची हवा. मग वाटलं, समुद्राची हवा हाडं सरळ करत असती तर कोळ्यांना म्हातारपण आलं नसतं.

मी सहज विचारावं तसं म्हणालो, “आपल्या त्या मोरीतला नळ आठवतो का गं? टप टप करायचा?”

“कुठल्या मोरीतला?”

“एका खोलीत राहायचो तेव्हा. ट्रंकेवर बसायचो.”

“ट्रंकेवर कशाला बसू आपण?” ती हसली. “काहीतरीच तुमचं.”

“तुझे बाबा खाटेवर…”

“बाबा शेवटपर्यंत चालते-फिरते होते. आदल्या दिवशी बाजारात जाऊन आले आणि झोपेत गेले. किती छान मरण.” तिने चहात साखर घातली, ढवळली. चेहरा अगदी मोकळा, अगदी शांत.

मी वस्तरा धुतला. बाहेर पाण्यावर ऊन पडलं होतं. ही थट्टा नव्हती. थट्टा करताना ती डावी भुवई उचलते. अठ्ठावीस वर्षांचा अभ्यास आहे माझा. आम्ही एक एक खोटी आठवण जोडत आलो होतो आणि दर वेळी एक खरी बाहेर पडत होती, भरलेल्या बॅगेत एक कपडा कोंबला की दुसऱ्या बाजूने एक बाहेर येतो तशी.

“आज खेळ नको,” मी म्हणालो.

“कुठला खेळ?” ती म्हणाली.

मागे, गाडीत, कुणीतरी शीळ घालत होतं. दोनच सूर, खाली आणि वर. शेगडीवर किटली होती. किटलीच असणार. मी जाऊन बघितलं. शेगडी बंद होती.

६

रस्ता संपला. दीपगृहाच्या पायथ्याशी एक बैठी खोली होती. दीपगृहाचे जुने राखणदार निवृत्त झाल्यावर तिथेच चहा-बिस्किटं विकत बसले होते, आणि येणारेजाणारे आपले फोटो त्यांना पाठवायचे. चारी भिंती फोटोंनी भरलेल्या. बायको बाहेर खडकावर गेली होती. काचेच्या खिडकीतून ती हिरवी छत्री दिसत होती.

मी फोटो बघत नाही, आधी फ्रेम बघतो. सवय. स्वस्तातल्या, वाकड्या, कोपऱ्यांत फट पडलेल्या अशा वीसेक फ्रेमांवरून नजर गेली आणि एकीवर थांबली. कोपरा जोडताना मी खिळ्याऐवजी शिसवीची पाचर मारतो. असं करणारा दुसरा फ्रेमवाला मी पाहिलेला नाही. वेळ फार जातो म्हणून कुणी करत नाही. या फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत शिसवीची पाचर होती. पट्टी सोनेरी. डब्याच्या भिंतींना आहे तीच.

मग आत बघितलं.

खडकावर माझी बायको. पंचविशीची, खांदे सरळ, हातात मिटलेली छत्री. तिच्या शेजारी एक उंच माणूस. दाट केस वाऱ्यावर. त्याचं तोंड तिच्याकडे वळलेलं, त्यामुळे फक्त गाल दिसत होता आणि चंबू केलेले ओठ. एक हात तिच्या खांद्यावर. आणि त्यांच्या पायांशी, खडकावर, ऊन पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाची पडते तशी एक आखूड सावली. डोक्यावर टोपी.

मी माझी टोपी काढली. का काढली कोण जाणे. सावली थोडीच टोपी काढणार होती.

“हा तुम्हीच काढलेला ना?” राखणदार माझ्या मागे येऊन उभे होते. “तुम्हीच फ्रेम करून पाठवलात. काय बोलायचात तुम्ही तेव्हा. तो सर्दी झालेला देवमासा.” ते हसायला लागले. “जोडपं कसं आहे? सुखात?”

 मी फ्रेमच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

आता मला स्वच्छ दिसत होतं आम्ही काय केलं होतं. बढाई मारता मारता मी आठवणीतला ‘मी’ इतका उंच, इतका देखणा करत नेला होता की त्यात मी उरलोच नव्हतो. आणि माझं जे जे होतं, बुटकेपण, फट, थापा, ते सगळं हसता हसता आम्ही मागच्या बाकावर टाकलं होतं.

७

इलाज साधा होता. एकच शब्द. नाही.

नाही, आपण इथे कधी आलो नव्हतो. नाही, छत्री नव्हती, कलिंगड नव्हतं, तो नव्हता. आपण ट्रंकेवर बसलो होतो. तू आणि मी. खडकावर चढता चढता मी ते मनात म्हणत होतो. गळ्यात कॅमेरा होता, गिऱ्हाइकाने कधीच परत न नेलेला, रोलवाला.

ती कड्याच्या टोकाशी उभी होती. वाऱ्याने साडीचा पदर फडफडत होता. माझी चाहूल लागली तशी वळली. मला वाटतं वयानेही ती थोडी मागे गेली होती, पण ते ऊनही असेल.

“मागच्या वेळी इथेच,” ती म्हणाली, “किती हसलो होतो आपण तिघं. आठवतं ना?”

“ऐक,” मी म्हणालो. “तुला एक खरं सांगायचंय.”

तिचा चेहरा उतरला. झोपेतल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण कुणी धरावं आणि त्याला डोळे न उघडताच ते कळावं, तशी तिने छत्री छातीशी घेतली. उजवा खांदा थरथरला. जरासा खाली आला. तो खाली येताना मला दिसला.

“नाही म्हणू नका हं,” ती हळूच म्हणाली.

एक ‘नाही’ म्हणालो असतो तर ट्रंक परत आली असती. माझी ट्रंक, जगात मला त्याहून लाडकी वस्तू नाही. पण ट्रंकेबरोबर खाट आली असती, खाटेखालचं भांडं आलं असतं, बापाच्या पाठीवरच्या जखमा, त्या धुताना ती तोंड फिरवून जे रडायची ते. साडेतीन वर्षं. मला ती वर्षं गोड लागत होती, कारण मी त्यांत संध्याकाळी यायचो. ती त्यांत दिवसभर असायची.

मी आयुष्यभर थापा मारल्या. एकाही थापेने कुणाची पाठ सरळ झाली नव्हती.

“आठवतंय,” मी म्हणालो. नियमाप्रमाणे वर एक गोष्ट जोडायची होती. “ऊनही असंच होतं. जरा उजवीकडे सरका. दोघंही.”

तिचा खांदा वर गेला. ती सरकली आणि शेजारी जागा ठेवून उभी राहिली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कोण आहे ते बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि कोणी नव्हतंच, खडक होता आणि मागे पाणी. फक्त तिच्या खांद्यावरचा पदर, वाऱ्यात बाकी सगळा फडफडत असताना, एका जागी दबलेला होता. चार बोटांएवढ्या जागी.

मी बटण दाबलं.

८

परतीचा रस्ता तोच, समुद्र आता दुसऱ्या हाताला. मागच्या बाकावरून तो चांगला दिसतो, हे कबूल केलं पाहिजे. पुढे बसलं की निम्मं लक्ष रस्त्यावर जातं. बाक मी स्वतः बनवला आहे, तेव्हा टोचतो म्हणून तक्रारही करता येत नाही. समोर सीटची पाठ आहे. ती मागे सरकवलेली असल्यामुळे माझे गुडघे तिला टेकतात. सीटच्या वर दाट केस दिसतात, कधी एक कोपर खिडकीबाहेर. आरशात बघायचं मी टाळतो. गाडी फार छान चालते. वळणावर ओट्यावरचा पेलासुद्धा हलत नाही.

बायको संत्रं सोलत होती. वास सगळ्या डब्यात पसरला, पावाच्या वासावर. निम्म्या फोडी तिने स्टिअरिंगकडे दिल्या. उरलेल्यातल्या दोन मागे वळून माझ्यापुढे धरल्या.

“घ्या ना, भाऊजी.”

मी घेतल्या. गोड होत्या.

“अगदी गप्प गप्प आज?” ती म्हणाली. “बरं वाटत नाही का? एखादी थाप तरी मारा. रस्ता लांब आहे.”

पुढे शीळ सुरू होती. खाली आणि वर.

“एक गोष्ट आहे,” मी म्हणालो. “पण तुम्हाला खरी वाटणार नाही.” तिला ‘तुम्ही’ म्हणताना जीभ अडखळली, तिला ते कळलं नाही.

“तुमची कुठली वाटते?”

“एक नवराबायको होते. त्यांना एकच खोली. त्या खोलीत ते रोज संध्याकाळी एका लोखंडी ट्रंकेवर बसायचे, शेजारी शेजारी, आणि समुद्रावर जायचे.”

“ट्रंकेवरून?” ती हसली. डावी भुवई वर गेली. “बरं. जायचे. मग?”

“मग काही नाही. नवरा विचारायचा, आता कुठे आलो? आणि बायको सांगायची.”

“एवढीच गोष्ट?”

“एवढीच. तुम्हाला काही जोडायचं असेल तर जोडा.”

ती संत्र्याची साल हातात धरून समोर बघत राहिली.  बाहेर तोच कडा आला, तीच टपरी, रिकामी बाकडी, आणि गेली. मग तिचा डावा हात सावकाश कमरेवर गेला, जणू तिला न विचारताच.

“आणि नळ गळत होता,” ती म्हणाली.

या गोष्टीत नळाचं मी काहीच बोललो नव्हतो.

“हो,” मी म्हणालो. “टप टप.”

पुढची शीळ थांबली होती.